झाकण घेऊन या

कुकरची रिंग सैल होण्याचा मुहूर्त साधारणपणे घरी पाहुणे जेवायला येण्याच्या दिवशीचाच असतो. शिट्टी काही केल्या होत नाही, वाफ दांड्याच्या बाजूने फुसफुसत राहते आणि डाळीचे पिवळे पाणी ओघळत बर्नरपर्यंत पोहोचते. मग घरगुती उपचार सुरू होतात. रिंग उलटी करून लावावी, फ्रीजरमध्ये ठेवून आकसू द्यावी, काठाला कणीक लिंपावी, असे सल्ले घरातले सर्व जण देतात; विशेषतः ज्यांनी आजवर कुकर लावलेला नाही ते अधिक ठामपणे देतात. या उपचारांवर एखादा वरणभात निभावतो आणि शेवटी बाजार गाठावाच लागतो.

तुळशीबागेजवळच्या एका दुकानात छतापासून काउंटरपर्यंत काळ्या, करड्या, पांढऱ्या रिंगांचे घोस लटकत होते. एवढ्या वैभवात माझी एक रिंग सहज मिळेल, या विश्वासाने मी कंपनीचे नाव आणि ‘पाच लिटर’ एवढे सांगितले. दुकानदाराने वर न पाहताच विचारले, “ताई, झाकण आणलंय?”

नव्हते आणले. तेव्हा त्याने माझी उलटतपासणी घेतली. झाकण आतून बसते की बाहेरून? कुकर हंडीच्या आकाराचा की सरळ? अ‍ॅल्युमिनियमचा की स्टीलचा? मॉडेल जुने की नवे? मी पुन्हा लिटरचा आधार घेतला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “लिटरवर काही नसतं, ताई. झाकण घेऊन या.”

हे वाक्य मला तेव्हा उर्मट वाटले, परंतु विचार केल्यावर त्यात अख्खे कारखान्याचे अर्थशास्त्र दडलेले दिसले. कुकरचे भांडे गोल चकती प्रेसखाली दाबून, खोल ओढून तयार होते आणि त्यासाठी लागणारी डाय, म्हणजे साचा, अतिशय महाग असते. तो खर्च लाखो नगांवर वाटला गेला, तरच कुकर तुमच्या-माझ्या खिशाला परवडतो. म्हणून कंपनी शक्यतो व्यास तोच ठेवून फक्त उंची वाढवते आणि एकच झाकण तीन लिटरलाही चालवते व पाच लिटरलाही. मात्र शेजारच्या कंपनीने आपली डाय स्वतःच्या हिशेबाने केलेली असल्यामुळे तिची पाच लिटरची रिंग माझ्या पाच लिटरला अजिबात ओळख दाखवत नाही.

एकसारख्या सुट्या भागांचे स्वप्न तसे जुने आहे. 1785 साली पॅरिसमध्ये ओनोरे ब्लाँ या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग अमेरिकेचे भावी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यापुढे मांडले. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून काही चाप स्वतः जोडले आणि ते बिनतक्रार जुळले. आमच्या दुकानदाराने त्यांनाही झाकण मागितले असते की काय, कोण जाणे! पुढे 1841 साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा ठरवून दिला, तर 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांचा सुचवला. दोन्ही देश आपापल्या घरात शिस्तशीर झाले. एकमेकांचे नट-बोल्ट मात्र बसेनात. दुसऱ्या महायुद्धात खांद्याला खांदा लावून लढताना ही अडचण इतकी जाचली की अखेर 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समाईक आटा मान्य केला. एका आट्यासाठी जिथे महायुद्ध लागले, तिथे रिंगेसाठी काय लागेल, याचा मी विचार सोडून दिला आहे.

आपल्याकडे कुकरसाठी आयएस 2347 हे मानक आहे, आयएसआयचा शिक्काही सक्तीचा आहे आणि तो हवाच, कारण कुकर फुटणे ही चेष्टा नव्हे. परंतु मानक माझ्या जिवाची काळजी घेते. माझी रिंग शेजारणीच्या झाकणात बसावी, ही त्याची जबाबदारी नाही. पेन्सिल सेल कोणत्याही कंपनीचा आणा, घड्याळ चालते. बल्ब कोणाचाही असो, होल्डरमध्ये बसतो. कुकरवाल्यांना ही सद्बुद्धी का झाली नसावी, याचे उत्तर त्या रिंगांच्या किमतीत असावे, असा माझा संशय आहे. नव्या कुकरच्या वॉरंटीतून रबरी भाग वगळलेले असतात, ते काही उगाच नव्हे.

आजीच्या काळी तांबट आळीत ठोकलेली दोन पातेली कधी एकसारखी नसत, तरी कोणतेही ताट कोणत्याही पातेल्यावर झाकण म्हणून चाले, कारण घट्ट बसण्याची त्याच्यावर सक्तीच नव्हती. अर्थात त्या पातेल्यात डाळ शिजायला किती वेळ लागे, हे आजी आवर्जून सांगत असे, त्यामुळे मी गतकाळाचे गोडवे गाणार नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण पिशवीत घालून मी पीएमपीच्या बसने निघाले. दांडा बाहेर डोकावत असल्याने शेजारच्या काकूंनी “रिंग का?” एवढेच विचारले आणि त्यांच्या कुकरचा इतिहास मंडईपर्यंत पुरला. दुकानदाराने झाकण एकदा उलटे केले, न मोजता एका खुंटीवरून रिंग काढून बसवली, अंगठ्याने कडेने दाबत नेली आणि म्हणाला, “दोन घेऊन ठेवा, हे मॉडेल बंद झालंय.” मी दोन घेतल्या. आता स्वयंपाकघराच्या खणात याआधी अशाच दूरदृष्टीने घेतलेल्या रिंगा होत्याच, त्यांत ही एक मिसळली आहे. घरातल्या तीन कुकरांपैकी कोणती कोणाची, यावर एकमत नाही, आणि खण उघडून पाहिले तर सगळ्या हुबेहूब सारख्या दिसतात.