१६ ते १८ अंश

ॲक्सोलॉटल हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को तलावातला. तो भाग समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर. अशा प्राण्याची दोन पिल्लं घाटकोपरच्या पश्चिमेला तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये आणायची कल्पना नववीतल्या मुलालाच सुचू शकते, आणि ती पुरी करू शकतो फक्त त्याचा मामा. मामा पिल्लं देऊन गेला. मामा पुण्याला राहतो.

दिसायला गोड आहेत, नाही म्हणत नाही. बोटाएवढी, फिकट गुलाबी, मानेशी दोन्हीकडे लाल झुबकेदार कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. ते हसू ही तोंडाची ठेवण आहे, समाधान नव्हे, हे नंतर कळतं. बेडकाच्या लांबच्या नात्यातला हा जीव, पण मोठा होऊन पाण्याबाहेर येण्याच्या भानगडीत पडत नाही; कल्ल्यांसकट जन्मभर बाळच राहतो. ही माहिती ऐकताना सौ. चिरंजीवांकडे न बघता माझ्याकडे का बघत होती, कोण जाणे.

खरी गोम पाण्यात आहे. यांना १६ ते १८ अंश लागतात. २४च्या वर गेलं की खाणं सोडतात, अंगावर बुरशी धरते. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून मे महिन्यात जे पाणी येतं त्यात नुसती साखर-पावडर टाकायची बाकी असते. कुणीतरी सांगितलं, पाण्यावर पंखा सोडा, वाफ होऊन गार होईल. हे नागपूरला खरं असेल. मुंबईच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की टबातलं पाणी जाणार कुठे? तरी पंखा सोडला. काटा जेमतेम हलला, आणि पंखा तिकडे वळवल्यामुळे आम्ही चौघं घामानं निथळत जेवलो. चिलरची किंमत काढली तेव्हा सौ. म्हणाली, "एवढ्यात आपण सगळे महाबळेश्वरला जाऊन येऊ." मग हळूच, "त्यांनाही नेऊ."

शेवटी बर्फाच्या बाटल्या. पाण्यानं भरलेली बाटली गोठवायची, टबात तरंगत सोडायची, वितळली की दुसरी. फ्रीजरमधून सुरमई हद्दपार झाली, कोलंबीचं पाकीट शेजारच्या काकूंकडे आश्रयाला गेलं. रात्री तीनचा गजर लावून मी बाटल्या बदलतो. आई अंधारातून म्हणते, "तुझ्यासाठी तुझे बाबा कधी उठले नाहीत रे."

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना चालत नाही, तेव्हा आधी त्यात औषधाचे थेंब. त्यांच्या काचेच्या टाकीत घाण पचवणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. तोवर पिल्लं प्लॅस्टिकच्या टबात आणि पाणी रोज नवं. पाणी सकाळी सहाला येतं. आंघोळीचा पहिला मान कुणाचा, हे सांगायला नको.

आता जेवण. अगदी लहानपणी यांना हलतं ते अन्न वाटतं, न हलतं ते नाही. म्हणून उलट्या बाटलीत खारं पाणी करून त्यात हवा सोडायची आणि आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जिवाची अंडी उबवायची. म्हणजे पाळीव प्राण्यासाठी आणखी पाळीव प्राणी. थोडी वाढल्यावर गांडुळं चालतात म्हणे. सोसायटीचा गांडूळखताचा खड्डा आठवून मी खूश झालो. वॉचमनच्या डोळ्यांदेखत डबा भरून आणला, एक गांडूळ निवडलं, धुतलं, चिरलं, चिमट्यात धरून नाकासमोर हलवलं. पिल्लानं तोंड उघडून पाण्यासकट घोट घेतला, क्षणभर थांबलं आणि तुकडा बाहेर फेकला. पुन्हा दिला, पुन्हा फेकला. खताची लाल गांडुळं अंगातून कडवट रस सोडतात आणि ती यांच्या जिभेला रुचत नाहीत. यांना बागेतल्या मातीतली साधी गांडुळं हवीत. घाटकोपरमध्ये बाग!

मध्येच एकानं दुसऱ्याचा पाय खाल्ला. सौ. रडायच्या बेतात. चिरंजीव म्हणाले, "येईल गं परत." आणि खरंच काही आठवड्यांत बोटांसकट नवा पाय आला. लहानपणी ही भावंडं एकमेकांचे पाय तोडतात, तेव्हा कोकणातल्या जमिनीसारखी वाटणी करून दोन टब केले. म्हणजे बाटल्याही दुप्पट.

आईला त्यांच्याविषयी विशेष ममत्व नव्हतं. "मासा नाही, मग उपयोग काय?" एवढंच म्हणायची. चिरंजीवांनी बेसावधपणे सांगून टाकलं की तिकडे पूर्वी लोक यांना खात. तेव्हापासून आई टबाजवळून जाताना जरा रेंगाळते.

आईनं सांधेदुखीच्या नावावर वर्षानुवर्षं अडवलेला एसी अखेर हॉलमध्ये बसला, तो यांच्यासाठी. आम्ही रात्री टबांच्या बाजूला गाद्या टाकतो. शॉल घेऊन आईसुद्धा. नीट सांभाळलं तर हे प्राणी दहा-पंधरा वर्षं जगतात. चिरंजीव इंजिनिअर होऊन परदेशी जातील, हे इथेच.

काल विजेचं बिल आलं. सौ.नं ते दोन्ही टबांच्या मध्ये उभं करून ठेवलं, त्यांना नीट दिसेल असं. या प्राण्यांना पापण्या नसतात, त्यामुळे डोळेझाक करायची सोय नाही. मला आहे.