स्लोचा स्क्रू सोडला की गाडी शांत होते? कुठलं ओ

परवापासून तीन ग्रुपवर टू-व्हीलरच्या स्लोबद्दल (एक्सलेटर न देता इंजिन जेवढं फिरतं तो) एकच मेसेज फिरतोय. 'गाडी स्लोला रेस राहते? मेकॅनिककडं जाऊ नका. स्लोचा स्क्रू सोडा. सोलापूरच्या उन्हात असं होतंच, पावसाळ्यात आपोआप जातं. एअर फिल्टर काढून चालवा. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा.' आमच्या गल्लीत दोघांनी स्क्रू फिरवून पण झाला, म्हणून लिहितोय.

स्क्रूचं आधी. हा स्क्रू स्लो कमी-जास्त करतो, सोडला म्हणजे ढिला केला की कमी. कुणीतरी तो फिरवला असेल तरच सोडून उपयोग. काल बरी असलेली गाडी आज बोंबलायला लागली तर स्क्रू रात्रीत आपोआप फिरला नाही ना बे. माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या (पेट्रोलमधे हवा मिसळणारा भाग) गाडीला हेच झालतं. स्क्रू पूर्ण सोडला तरी रेस कमी होईना, आणि एक्सलेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता हळूहळू उतरायचा, तिथंच कळायला पाहिजे होतं की गाडी कुठूनतरी हवा खातेय. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे जे रबर असतं ना, त्याच्यावर चालू गाडीत स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारलं, खालच्या बाजूला पाणी लागलं की इंजिन दचकून बसायचं, परत वर यायचं. रबर काढून अंगठ्यानं वाकवलं तर नखाएवढी चीर उघडली, वरून काही दिसत नव्हतं. रबर बदललं, स्क्रू परत जागेवर आणला, विषय संपला. (काही जण हीच टेस्ट पेट्रोल उडवून करतात, तापलेल्या इंजिनवर असला उद्योग करू नका.)

रबराच्याही आधी फुकटची एक टेस्ट आहे. गाडी डबल स्टँडवर चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवा. आवाज वाढला तर एक्सलेटर केबल ताणली जातेय, मुठीला दोन-चार मिलिमीटर मोकळी चाल पाहिजेच. चोक अर्धवट ओढलेला राहिलाय का तेपण बघा, हसू नका, होतं.

आता ऊन. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो हे खरं, पण गरम हवा विरळ असते, तेवढ्याच पेट्रोलला ऑक्सिजन कमी मिळतो, त्यानं रेस वाढत नाही. होतं काय, लोक सकाळी थंड इंजिनवर स्लो सेट करतात आणि सात रस्त्यापर्यंत गेलं की गरम इंजिन तेवढ्याच स्क्रूवर जास्त पळतं. म्हणून आधी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायची, मग सेट करायची. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १४०० आरपीएमच्या आसपास ठीक असतं.

एअर फिल्टर काढायचा सल्ला देणाऱ्याला हैदराबाद रोडच्या धुळीत उभा करा. फिल्टर काढला की हवा अजून वाढते, मिक्श्चर अजून लीन (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी), वर धूळ थेट पिस्टनपर्यंत.

राहिली बॅटरीची वायर. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ (गाड्यांच्या धुराचे नियम) आलं, तेव्हापासूनच्या जवळजवळ सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या, त्यांचा स्लो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो. थ्रॉटल बॉडीत (इंजिनला हवा सोडणारा भाग) कार्बन साचला असेल किंवा सेन्सर चुकीचं सांगत असेल तर वायर काढून ना कार्बन जातो ना सेन्सर सुधारतो. मीटरवर इंजिनचा दिवा लागलाय का बघा, स्कॅनर लावणाऱ्याकडं न्या, आणि थ्रॉटल बॉडीवरचा कंपनीनं सील केलेला स्क्रू पकडीनं फोडू नका, आमच्या गल्लीतल्या दुसऱ्यानं नेमकं तेच केलंय.