ओबनचा मनोरा आणि आपले गड

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबन बंदरात उतरलं की गावाच्या डोक्यावर, बॅटरी हिलवर, रोमच्या कलोसियमची आठवण करून देणारी गोल भिंत दिसते. हा मकेगचा मनोरा. नावालाच मनोरा; वर छत नाही. ग्रॅनाइटच्या भिंतीत दोन ओळींत ९४ टोकदार कमानी, घेर सुमारे २०० मीटर आणि आत बाग. टेकडीवरच्या अशा हौशी वास्तूंना इथे फॉली म्हणतात.

जॉन स्टुअर्ट मकेग हा इथला बँकर. ग्रीक-रोमन वास्तूंचं त्याला वेड, आराखडाही त्याचाच. १८९७ साली काम सुरू झालं. घराण्याचं स्मारक व्हावं आणि हिवाळ्यात रिकाम्या बसणाऱ्या गावातल्या पाथरवटांना मजुरी मिळावी, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. आत संग्रहालय, कलादालन, मधोमध बुरूज असं बरंच त्याच्या मनात होतं. १९०२ मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबलं.

मृत्युपत्रात त्याने इस्टेटीचं उत्पन्न आपल्या, आईवडिलांच्या आणि भावंडांच्या पुतळ्यांसाठी आणि आणखी मनोऱ्यांसाठी लावून दिलं होतं. बहीण कॅथरीन कोर्टात गेली. १९०७ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने ती तरतूद रद्द केली: ज्यातून ना कुणा व्यक्तीचं भलं ना समाजाचं, अशा कामात एवढी संपत्ती कायमची अडकवता येणार नाही. पुढे त्याच कॅथरीनने स्वतःच्या मृत्युपत्रात पुतळे मागितले, तेव्हा १९१५ मध्ये तिलाही नकार मिळाला.

महाराष्ट्रातल्या स्मारकांच्या बातम्या इथे बसून वाचताना हा निकाल मला हटकून आठवतो. शिवछत्रपतींची तुलना कुणा बँकरशी होऊच शकत नाही. महाराजांचा पुतळा पाहून ऊर भरून येतो तो माझाही. पण अरबी समुद्रातल्या स्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, स्मारक अजून उभं नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभारला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पुतळा किती फुटांचा, यावरच आपण भांडत बसतो. कामातून कुणाची चूल पेटली आणि पुढची पन्नास वर्षं देखभाल कोण करणार, हे मात्र सभेत कुणी विचारत नाही.

मजुरीसाठी बांधकाम काढणं आपल्याला नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर, बांधबंदिस्तीवर गेली आणि त्याच अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आकाराला आला. तीच दृष्टी गडांना लावली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले अकरा महाराष्ट्रात. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि दगड झिजू लागतो. म्हणून चुना मळणारे, दगड घडवणारे हात लागतात, आणि ते काम दरवर्षी निघतं. महाराजांच्या नावाने मंजूर होणारा पैसा आधी त्या तटांकडे जावा. पायथ्याच्या गावांतले गवंडी, पाथरवट, वडार यांना शिकवून हक्काची रोजंदारी द्यावी आणि झालेल्या खर्चाचा हिशेब दरवर्षी त्याच गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.