साडेतेरा सेंटिमीटरचं पापलेट

मासे घेण्यात पूर्वी फारशी अक्कल लागत नसे. कल्ला उचलायचा, लालभडक दिसला की घासाघीस सुरू. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, तर नाक मुरडून पुढच्या पाटीकडे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी वजा जाता उरेल तेवढ्या आठवड्यात माणसाने काय खायचं ते खावं.

आता डॉक्टर म्हणतात, मोठे शिकारी मासे बेतानेच. त्यांच्यात पारा साठतो. लहान मासे खा. सरकार म्हणतं, लहान मासे धरूच नका! 2023 साली राज्याने 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झालं. त्याला 135 मिलिमीटर पुरे हवेत. गाबोळीचं, म्हणजे माशाच्या अंड्यांचं, तर नावच काढायला नको. चमचाभर तोंडात गेली की पापलेटवाल्या कोळ्यांचं आख्खं सातपाटी गाव डोळे वटारून बघतंय असं वाटतं.

शेवटी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात घालून बाजारात गेलो. पाटीतलं एक पापलेट उताणं करून तोंडापासून शेपटीपर्यंत मोजलं. बारा! मावशीने कोयता खाली ठेवला. हे चांगलं लक्षण नव्हे.

"शिंपी हायस काय रं?"

मी नियम सांगितला. तिला तो माझ्याआधीपासून पाठ होता.

"आमाला पट्टी लावतोस. रात्री एलईडी पेटवून दर्या खरवडतात, त्यांना कोन लावनार?"

एलईडीच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे, हे मी सांगितलं. ती इतकी हसली की शेजारच्या दोघीही कशाला ते न विचारता हसल्या.

मग तिनेच डॉक्टर आणि सरकारचा समेट घडवला. "ह्या मांदेल्या घे. म्हाताऱ्या झाल्या तरी एवढ्याच. ते पापलेट म्हंजे पोर हाय, पोर." मत्स्यशास्त्राचा एवढा स्वस्त वर्ग दुसरीकडे भरत नसावा. मागे रांगेतल्या एका गृहस्थांनी हळूच माझी पट्टी मागितली आणि कोळंबी मोजायला घेतली. कोळंबी सरळ होईना.

दोन वाटे मांदेली घेऊन, समुद्र वाचवल्याच्या ऐटीत घरी आलो. बायकोने पिशवीत डोकावून एवढंच विचारलं,

"आणि ह्या साफ कोण करणार?"

पापलेट एक असतं. मांदेल्या शंभर असतात, आणि प्रत्येकीला डोकं असतं.