नाव नसलेला पुतळा: तुमच्या कमेंटला उत्तर

नमस्कार, कमेंट तिखट आहे पण मुद्द्याची आहे म्हणून जरा लांबच लिहितो. तुमचं म्हणणं असं की वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक स्मशानभूमीतल्या त्या ब्राँझच्या पुतळ्याचं मी नुसतं कौतुक करत बसलो, पण ज्या क्लोव्हर अ‍ॅडम्सच्या थडग्यावर तो आहे तिचं नावच तिथे कुठे कोरलेलं नाही, मग ही आठवण कसली, नवऱ्याने बायकोला पुसूनच टाकलं की!

अर्धं मान्य. तिच्या नवऱ्याने, म्हणजे अमेरिकन इतिहासकार हेन्री अ‍ॅडम्सने आत्मचरित्रात लग्नाची वर्षंच्या वर्षं गाळलीत, बायकोचं नावसुद्धा नाही, १८८५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तिने आत्महत्या केली तेही नाही. ती फोटो उत्तम काढायची हे मीही लिहिलं नाही, ती चूक माझी.

पण पुतळ्याला तोच न्याय लावू नका हो. समोरच्या बाकावर बसून बघा, डोक्यावरून घेतलेल्या वस्त्राची सावली बरोबर डोळ्यांवर पडते, उजवा हात हनुवटीपाशी, आणि हे माणूस रडतंय की रडून झालंय काही कळत नाही. बाई की पुरुष तेही नाही. थिओडोर रूझवेल्ट त्याला बाई म्हणाले तर अ‍ॅडम्सने प्रेसिडेंटला पत्र लिहून सुधारलं! लोक त्याला 'शोक' म्हणतात, तेही अ‍ॅडम्सला आवडायचं नाही. शिल्पकार सेंट-गॉडन्सला त्याने बौद्ध मूर्तींच्या वाटेने जायला सांगितलं होतं, १८९१ मध्ये पुतळा बसला. आशियातल्या पोराबाळांनाही याचा अर्थ एका नजरेत कळेल असं अ‍ॅडम्स लिहून गेलाय, मी आशियातलाच, मला अर्धा तास बसून कळला नाही, असो.

आणि नाव कोरलेलं हवंच असेल तर तेही झालंय. याचीच परवानगी न घेता केलेली नक्कल मेरीलँडमध्ये अ‍ॅग्नस नावाच्या जनरलने कुटुंबाच्या थडग्यावर बसवली, खाली ठळक अक्षरात आडनाव. लोकांनी तिची भुताटकी केली, रात्री डोळे लाल होतात म्हणे, पोरं पैज लावून मांडीवर बसायला जायची, शेवटी १९६७ मध्ये ती तिथून उचलावी लागली.

पुसून टाकलं म्हणालात त्यावर एकच, १९१८ मध्ये अ‍ॅडम्सलाही तिथेच तिच्या शेजारी पुरलं, आणि त्याचंही नाव तिथे नाही. क्लोव्हरच्या फोटोंवर वेगळी पोस्ट टाकतो, तेव्हा परत भांडायला या.