‘अशोक लावा’ म्हणणाऱ्या संदेशातील अशोक कोणता?

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातील सोसायट्यांच्या आणि तरुण मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: कुंपणालगत उंच, निमुळता अशोक लावा, हाच सीतामाईचा अशोक, तो चोवीस तास प्राणवायू देतो, त्याचे पान गळत नाही, मुळे सरळ खाली जात असल्याने भिंतीपासून दोन फुटांवरही तो चालतो, त्याच्या सालीचा काढा स्त्रियांच्या सर्व तक्रारींवर गुणकारी आहे. शेवटी एक पुस्तीही जोडलेली असते, ती अशी की तांबड्या फुलांचा अशोक कोकणातला आहे, आपल्याकडे तो जगत नाही आणि जगलाच तर वीस वर्षे फुलत नाही.

संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण दोन निरनिराळ्या सदाहरित झाडांची त्याने एकच मोट बांधली आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका त्यातूनच निघाल्या आहेत.

बंगल्यांच्या कुंपणाशी ओळीने उभे असलेले, फांद्या खाली सोडलेले, लांबट, चकचकीत, नागमोडी कडांच्या पानांचे झाड म्हणजे खोटा अशोक, ज्याला काही जण आसुपालव म्हणतात. ते सीताफळाच्या कुळातले आहे; सीतेशी त्याचे नाते असलेच तर ते एवढेच. सीता अशोक, म्हणजे संदेशातला तांबड्या फुलांचा अशोक, हा चिंचेच्या कुळातला, वीस-तीस फुटांपर्यंत वाढणारा, डेरेदार वृक्ष. त्याचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या असतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्याच्या जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही, फुलांचे घोस येतात. ते आधी पिवळसर नारिंगी असतात आणि मग तांबडे होत जातात. खोट्या अशोकाची फुले फिकट हिरवी, चांदणीसारखी आणि पानांत लपलेली असतात, त्यामुळे ती अनेकांनी पाहिलेलीच नसतात. रामायणाचाच आधार घ्यायचा तर तोही नीट घ्यावा. वाल्मीकींच्या सुंदरकांडात सीता अशोकवाटिकेत आहे हे खरे, परंतु हनुमान ज्या झाडाच्या पानांआड दडून तिला पाहतो, ते झाड अशोक नसून शिंशपा आहे.

चोवीस तास प्राणवायूचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. रात्री हे दोन्ही वृक्ष आपल्याप्रमाणेच श्वसन करतात आणि प्राणवायू वापरतात. ‘पान गळत नाही’ हेही तसेच. सदाहरित याचा अर्थ झाड एकदम निष्पर्ण होत नाही इतकाच. जुनी पाने गळतच राहतात आणि नवी पालवी फुटताना तर पुष्कळ गळतात. शिवाय खोट्या अशोकाला फळांचे झुबके येतात, ती पिकून जांभळट काळी होतात, कोकिळा आणि वटवाघळे ती खातात, आणि खालच्या फरशीचे जे व्हायचे ते होते. मला स्वतःला कोकिळेसाठी फरशी धुण्यात कमीपणा वाटत नाही. पण ‘कचरा नाही’ असे सांगून कुणाला झाड लावायला लावू नये.

मुळांचा दावा मात्र खर्चात पाडणारा आहे. झाडाचा घेर अरुंद असला म्हणजे मुळांचा पसाराही अरुंद असतो, असे नाही. बी रुजताना सोटमूळ खाली जाते. परंतु रोपवाटिकेच्या पिशवीत वाढलेल्या रोपाचे ते मूळ बहुधा तळाशी वळलेले असते, आणि पुढे पाणी व हवा शोधणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोनएक फुटांत आडवीच पसरतात. वड-पिंपळासारखी भिंत फोडणारी ही मुळे नव्हेत, हे मान्य. तरीही एका बाजूला भिंतीचा पाया आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा रस्ता अशा चिमटीत वाढलेल्या चाळीस फुटी झाडाला जमिनीत पकड कमी मिळते, आणि वळवाच्या पावसाआधीचे वारे सुटले की ही कमतरता उघडी पडते. म्हणून भिंतीपासून सहा ते आठ फूट आणि दोन रोपांत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. वरून विजेची तार जात असेल तर तेथे हे झाड लावूच नये, कारण तारेसाठी शेंडा छाटला की एकाऐवजी अनेक शेंडे फुटतात आणि ज्या सरळ आकारासाठी झाड आणले, तो आकारच जातो.

आता राहिला सीता अशोक कोल्हापुरात जगत नाही, हा दावा. तो सह्याद्रीतील ओढ्याकाठच्या सावलीतला वृक्ष आहे, हे खरे. त्यामुळे त्याला काय हवे ते सहज उमगते: दमट पण निचऱ्याची जमीन, पालापाचोळ्याचे खत आणि लहानपणी डोक्यावर सावली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, येथे दव गोठून रोपे करपत नाहीत आणि पावसाळाही पुरेसा असतो. अडचण दोनच ठिकाणी येते. पहिली, पंचगंगेकाठची काळी, चिकट जमीन, जिच्यात पावसाळ्यात पाणी तुंबून मुळे कुजतात. तेथे दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरावी, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंचावर बसवावे. दुसरी अडचण एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्याची, ज्याने पानांच्या कडा करपतात. पहिले दोन-तीन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूने गोणपाटाचा आडोसा करावा, आळ्यात उसाच्या पाचटाचा चांगला जाड थर द्यावा आणि माती पूर्ण वाळू देऊ नये. पाचटाची आपल्या जिल्ह्यात वाण नाही. शेतात ते पेटवण्यापेक्षा येथे कामी येईल.

आणखी एका गोष्टीने नवखे माणूस फसते. सीता अशोकाची कोवळी पालवी तांबूस आणि मलूल होऊन खाली लोंबते. रोप सुकले असे समजून लोक त्यावर पाणी ओततात आणि मग ते खरोखरच मरते. काही दिवसांत तीच पाने हिरवी होऊन ताठ होतात, तेवढा धीर धरावा.

वीस वर्षांचा आकडा बहुधा सालीच्या लागवडीतून आला असावा, कारण सालीसाठी साधारण वीस वर्षांचे झाड धरतात. फुलांसाठी इतके थांबावे लागत नाही. बियांपासूनचे रोप सांभाळले तर सहा-आठ वर्षांत फुलू लागते. बी मात्र ताजेच पेरावे, साठवले की त्याची उगवणशक्ती लवकर जाते. वाढ संथ आहे, हे मी नाकारत नाही. पुढच्या वर्षी शेजाऱ्याची खिडकी झाकायची असेल, तर हे झाड त्या कामाचे नाही.

सालीच्या काढ्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आयुर्वेदात अशोकारिष्ट या औषधासाठी सांगितलेली साल सीता अशोकाची आहे. खोट्या अशोकाची साल तिच्यात भेसळ म्हणून वापरली जाते, आणि हा संदेश तर तीच भेसळ घरोघरी करायला सांगतो. मासिक पाळीतील अतिरक्तस्रावामागे गर्भाशयातील गाठींपासून थायरॉईडपर्यंत अनेक कारणे असू शकतात. त्यासाठी डॉक्टर किंवा वैद्यांकडे जावे, कुंपणाकडे नव्हे. बरे, सीता अशोक दारात असला तरी त्याची साल खरवडू नये, कारण खोडाभोवतीची साल पूर्ण निघाली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड वाळते. सालीसाठीच्या तोडीने हा वृक्ष जंगलातून इतका घटला की १९९८ मध्ये त्याची नोंद धोक्यातील सजीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात झाली.

हे वाचून कुणी दारातले खोटे अशोक तोडायला निघू नये. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार शहरातील झाड तोडण्यास परवानगी लागते, आणि खोट्या अशोकाच्या कोवळ्या पानांवर हिरव्या ठिपक्यांच्या एका चपळ फुलपाखराच्या अळ्या वाढतात, हे वेगळेच. जेथे जागा पट्टीसारखी अरुंद पण मोकळी आहे, तेथे तो शोभतोही. अंगणात बारा-पंधरा फुटांचा घेर आणि दुपारनंतरची सावली असेल, तर मी सीता अशोक निवडेन. रोप घेताना नावाच्या चिठ्ठीवर न जाता देठ उचलून पाहावा: एका देठावर पर्णिकांच्या जोड्या दिसल्या तर सीता अशोक, आणि नागमोडी कडेचे एकच पान दिसले तर दुसरा.