हक्क नक्की कोणत्या राज्याचे?

प्रतिक्रिया वाचली, जरा लांबलचक उत्तर देतोय, सांभाळून घ्या. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या, तिथल्या यादवी युद्धावरच्या त्या फिरत्या म्युझियमचं (हिस्टरीमोबाइल, 2011 ला मनॅससहून निघालेला अठरा चाकी ट्रक) मी उगाच कौतुक केलं, त्यात गुलामगिरी मुद्दाम घुसडलीये, खरं भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनने सैन्य मागितलं म्हणून व्हर्जिनिया अमेरिकेतून बाहेर पडली.

शेवटच्या मुद्द्यात दम आहे. 4 एप्रिल 1861 ला त्यांच्याच अधिवेशनाने फुटून निघायला नकार दिला होता, मग आधीच फुटलेल्या दक्षिणी राज्यांनी (हेच कॉन्फेडरेट) फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर तोफा डागल्या, लिंकनने बंड मोडायला 75,000 माणसं मागितली आणि 17 तारखेला 88 विरुद्ध 55 ने फुटून निघायचा ठराव पास. पण तो ठराव एकदा वाचा तरी! छोटासाच आहे आणि त्यात 'गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांवर जुलूम' अशी तक्रार सरळ लिहिलीये, म्हणजे घुसडायचं काम त्यांनीच करून ठेवलंय. 1860 ला तिथे 4 लाख 90 हजार गुलाम होते, देशात सगळ्यात जास्त.

बरं, राज्यांचे हक्क म्हणता ना, मग अँथनी बर्न्स या गुलामाचं काय? व्हर्जिनियातल्या रिचमंडहून जहाजात लपून, गुलामगिरी नसलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॉस्टनला पळाला, 1854 ला पकडला गेला, तिथली जनता चवताळून कोर्टावर चालून गेली तरी केंद्राने फौज लावून त्याला परत पाठवलं आणि रिचमंडच्या लंपकिनच्या तुरुंगात तो चार महिने बेड्यांत पडून होता. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे हक्क कुठे गेले होते? दक्षिणेतल्या कोणाला त्याचं काही वाटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आता कौतुक का केलं ते. ट्रकमध्ये मावून मावून किती इतिहास मावणार, मान्यच आहे. पण 2010 ला याच राज्याच्या गव्हर्नरने कॉन्फेडरेट इतिहास महिना जाहीर करताना गुलामगिरीचं नावही घेतलं नव्हतं, बोंबाबोंब झाल्यावर माफी मागून मजकूर बदलला. त्याच राज्याने पुढच्याच वर्षी गावोगाव ट्रक फिरवला आणि त्यात गुलामांच्या सुटकेचा वेगळा विभाग ठेवला, हे थोडं नाही.

त्या विषयातला माझा सगळ्यात आवडता किस्सा फोर्ट मन्रोचा. 23 मे 1861, फुटून निघण्यावर व्हर्जिनियात जनतेचं मतदान झालं तो दिवस. त्याच रात्री कॉन्फेडरेट तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलेले तीन गुलाम, बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड, होडीतून लिंकनच्या सैन्याच्या ताब्यातल्या त्या किल्ल्यावर पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाचा माणूस, एक मेजर, पांढरं निशाण घेऊन हजर, काय तर म्हणे पळून गेलेले गुलाम परत करायचा अमेरिकेचा कायदा पाळा! जनरल बटलर म्हणाला, तुम्ही तर परका देश झालात, परक्या देशाला हा कायदा लागू नाही. मेजरसाहेब आले तसे परत.